घरी फेसवॉश करायचाय? आधी सर्फॅक्टंटची जोडी जुळवा

आईने सत्तरी ओलांडली आणि थंडीत तिला साबण सोसेनासा झाला. बडोद्याची थंडी ती काय, डिसेंबर-जानेवारीतले चार आठवडे. पण तेवढ्यातही तिच्या पिंढऱ्या आणि कोपरं पांढरी पडायची, खाजवून रात्रीची झोप मोडायची. त्वचेच्या डॉक्टरांनी साबण बंद करून सौम्य क्लेन्झर वापरायला सांगितलं. ती बाटली अंगभर वापरायची तर महिन्याला तीन-चार लागतात आणि आई हिशोबी. "एवढ्या पैशात फेस धुवायचा का रे?" म्हणून ती गुपचूप साबणाकडे वळायची. तेव्हा मी हे घरी करायला घेतलं.

माझे पहिले चार घाणे वाया गेले. एक नासलेल्या दुधासारखा फाटला, एक नाकातल्या शेंबडासारखा तार धरू लागला, एकाला तीन आठवड्यांत वास मारू लागला आणि एकाने आईचे हात साबणापेक्षाही जास्त कोरडे केले. या चौथ्या चुकीचं मला अजून वाईट वाटतं, कारण ती केवळ एक आकडा न वाचल्यामुळे झाली. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

१. साबण वेगळा, सर्फॅक्टंट वेगळा

सर्फॅक्टंट म्हणजे मळ आणि तेल पाण्याबरोबर काढून नेणारं रसायन. साबणही तसा त्यातलाच, पण इथे सर्फॅक्टंट म्हणेन तो साबण सोडून बाकीच्यांना. तेल आणि कॉस्टिकपासून होतो तो साबण. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली), साधारण ९ ते १० असतो आणि तो खाली आणता येत नाही. त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५. दोन्ही जुळवावेत म्हणून साबणाच्या पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड घातलं, तर साबण मोडतो आणि त्यातली फॅटी अ‍ॅसिडं सुटी होऊन वर तरंगतात. माझा पहिला घाणा फाटला तो असा. बाजारात मिळणारा द्रव साबणाचा बेस घेतला, त्यात ग्लुकोसाइड (साखर आणि तेलापासूनचा एक सर्फॅक्टंट) मिसळलं आणि वरून अ‍ॅसिड ओतलं. पातेल्यात पनीर तयार झालं.

म्हणून पहिला नियम: आम्ल पीएचचा क्लेन्झर करायचा असेल तर त्यात साबण अजिबात नको. साबणाशिवाय, निव्वळ सर्फॅक्टंटवर केलेल्या वडीला सिंडेट म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत आलेली डवची वडी याच जातीची. आपण करणार आहोत तो तिचा द्रवरूप भाऊबंद.

२. चार कुळं ओळखा

सर्फॅक्टंटच्या प्रत्येक रेणूला पाण्याकडे ओढ असलेलं एक डोकं असतं आणि तेलाकडे ओढ असलेली एक शेपटी. डोक्यावर कुठला विद्युतभार आहे त्यावरून कुळ ठरतं. एवढं कळलं की डब्यावरची लांबलचक नावं घाबरवत नाहीत.

अ‍ॅनायॉनिक, म्हणजे ऋणभाराचे. फेस भरपूर, मळ काढण्यात पुढे. एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) आणि एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट) हे यातले सर्वांत प्रसिद्ध. सोडियम कोकोइल ग्लुटामेट, सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट आणि सोडियम कोकोइल आयसेथिओनेट हे त्याच कुळातले, पण स्वभावाने मऊ.

अ‍ॅम्फोटेरिक, म्हणजे धन आणि ऋण दोन्ही भार बाळगणारे. यातलं तुम्हाला हमखास लागणारं नाव कोकामिडोप्रोपिल बिटेन. दुकानात त्याला सीएपीबी म्हणतात, मीही पुढे तेच लिहीन.

नॉनआयॉनिक, म्हणजे भार नसलेले. कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, लॉरिल ग्लुकोसाइड. साखर आणि तेलातून मिळणारी फॅटी अल्कोहोल जोडून हे करतात. आपला रिठाही याच बाजूचा, कारण त्यातली सॅपोनिनं अशीच फेसाळतात. पण रिठ्याचं पाणी डोळ्यांना झोंबतं आणि दोन दिवसांत आंबतं. ते रोजच्या रोज उकळून वापरायचं, बाटलीत भरून ठेवायचं नाही.

कॅटायॉनिक, म्हणजे धनभाराचे. केसांच्या कंडिशनरमध्ये असतात ते. बीटीएमएस, सेट्रिमोनियम क्लोराइड वगैरे. हे आणि अ‍ॅनायॉनिक एकत्र आले की एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि साका खाली बसतो. त्वचा मऊ राहावी म्हणून फेसवॉशमध्ये कंडिशनर ढवळण्याची युक्ती बऱ्याच जणांना सुचते. ती करू नका.

३. एकट्याने नाही, जोडीने का

मला वाटायचं, सर्वांत सौम्य एक सर्फॅक्टंट शोधला की काम झालं. तसं नसतं. पाण्यात सर्फॅक्टंटचे रेणू एकत्र येऊन गोळे करतात, त्यांना मायसेल म्हणतात. मळ आणि तेल या गोळ्यांच्या पोटात जातं. त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना त्रास देतात ते मुख्यतः गोळ्याबाहेर मोकळे फिरणारे रेणू. म्हणजे मोकळे रेणू जितके कमी, तितका क्लेन्झर सौम्य.

सगळे ऋणभाराचे रेणू असले तर डोकी एकमेकांना ढकलतात. नवरात्रात घेरदार चणियाचोळी घातलेल्या मुली एकाच वर्तुळात आल्या की घेर घेराला लागतो आणि वर्तुळ फाकत जातं, तसं. मधे मधे साध्या कुर्त्यातली मुलं आली की तेच वर्तुळ दाटून येतं. सीएपीबी किंवा ग्लुकोसाइड ही अशी मधली माणसं. ढकलाढकली कमी होते, गोळे मोठे आणि घट्ट होतात, मोकळे रेणू घटतात. प्रयोगशाळेत यासाठी मक्यातलं झाइन नावाचं प्रथिन वापरतात. ज्या सर्फॅक्टंटमध्ये ते जास्त विरघळतं तो त्वचेला जास्त कडक. एसएलईएसमध्ये सीएपीबी मिसळला की विरघळणाऱ्या झाइनचं प्रमाण खाली येतं.

गोळे मोठे झाल्याचे आणखी दोन फायदे हाताला कळतात. द्रव आपोआप थोडा दाट होतो आणि फेस मोठ्या बुडबुड्यांचा न राहता सायीसारखा बारीक होतो.

नवख्याने दोनच सर्फॅक्टंट घ्यावेत, फार तर तीन. पाच-पाच नावं घातली की काही बिघडलं तर दोष कोणाचा ते शोधता येत नाही.

४. सामान आणि कागद

बडोद्याला रसायनं परकी नाहीत. सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवनात रंगाई आणि रसायनशास्त्र शिकवत, १९०७ साली इथेच अलेंबिक उभी राहिली आणि आज नंदेसरीचा पट्टा रसायनांच्या कारखान्यांनी भरलेला आहे. तरी आपल्याला हवा असतो पाव किलो माल, आणि कारखान्यांचा व्यवहार पिंपांचा. म्हणून सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल छोट्या पॅकमध्ये विकणाऱ्यांकडूनच घ्या, मग ते शहरातलं दुकान असो की ऑनलाइन.

दुकानात काय मागताय ते नीट सांगा. "फेस होणारं लिक्विड द्या" असं म्हणालात तर भांड्यांच्या लिक्विडचं सामान हातात पडेल. मला एका दुकानदाराने "फीण घणुं थशे, काका" (फेस भरपूर होईल) म्हणत अ‍ॅसिड स्लरी पुढे केली होती. स्लरी ही भांडी-कपड्यांच्या डिटर्जंटची, कॉस्टिकने मारून वापरायची. तिचा त्वचेशी संबंध येऊ देऊ नका.

मालाबरोबर हे कागद मागा आणि फाइलला लावा:

- विश्लेषण प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीओए म्हणतात. त्यात बॅच नंबर, अ‍ॅक्टिव्हचे टक्के, पीएच आणि मुदत असते.
- सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस.
- बिल, ज्यावर मालाचं पूर्ण रासायनिक नाव असेल. नुसतं "बेस" किंवा "फोम बूस्टर" लिहिलेलं बिल घेऊ नका.

सीओए द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. खालचा सगळा हिशोब त्या कागदावर चालतो.

अवजारं फार लागत नाहीत. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, आणि प्रिझर्व्हेटिव्हसाठी जमल्यास ०.०१ ग्रॅमचा. काचेचे दोन बीकर किंवा स्टीलची पातेली. अ‍ॅल्युमिनियम नको. सिलिकॉनचा चमचा, पीएचच्या पट्ट्या किंवा मीटर, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. भांडी पुसायला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाणी डिस्टिल्ड. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. बोअरच्या पाण्यातले क्षार मिश्रण गढूळ करतात आणि प्रिझर्व्हेटिव्हचं काम अवघड करतात. इन्व्हर्टरसाठी उघड्या कॅनमधून मिळणारं पाणीही नको, सीलबंद घ्या.

चमचे-वाट्यांनी मोजू नका. सगळं वजनावर, द्रवसुद्धा.

५. अ‍ॅक्टिव्हचा हिशोब

माझ्या चौथ्या घाण्याची गोष्ट इथली. कृतीत लिहिलं होतं, एसएलईएस ३० ग्रॅम. मी ३० ग्रॅम घातला. कृती लिहिणाऱ्याकडे होता २८ टक्क्यांचा पातळ एसएलईएस. माझ्याकडे होती ७० टक्क्यांची घट्ट पेस्ट. दोन्हींच्या डब्यावर नाव एकच. त्याच्या १०० ग्रॅम घाण्यात ८.४ ग्रॅम सर्फॅक्टंट गेला, माझ्यात २१ ग्रॅम. आईने तो चार दिवस वापरला आणि बोटांची पेरं तडकली.

डब्यातला सगळाच माल सर्फॅक्टंट नसतो. उरलेलं पाणी आणि थोडं मीठ असतं. खऱ्या सर्फॅक्टंटचा जो वाटा, त्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात. सर्वसाधारण आकडे असे असतात:

- सीएपीबी: सुमारे ३० टक्के
- कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड: सुमारे ५० टक्के
- सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट, द्रव: सुमारे ३० टक्के
- एसएलईएस: २८ टक्के किंवा ७० टक्के

तुमच्या सीओएवर वेगळा आकडा असेल तर तोच धरा, माझा नाही.

आता तयार मालात अ‍ॅक्टिव्ह एकूण किती हवं ते आधी ठरवायचं. चेहऱ्यासाठी ६ ते १० टक्के. अंगासाठी १० ते १५. कातडी फार कोरडी असेल तर अंगासाठीसुद्धा ७ च्या आसपास थांबा. फेस कमी वाटेल, स्वच्छतेत फरक पडत नाही. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ ही समजूत आपल्या डोक्यातून जायला वेळ लागतो. आईला ते पटायला दोन महिने लागले.

सूत्र सोपं आहे. हवे असलेले अ‍ॅक्टिव्ह ग्रॅम भागिले मालातले अ‍ॅक्टिव्हचे टक्के, गुणिले १००. समजा १०० ग्रॅम फेसवॉशमध्ये ८ ग्रॅम अ‍ॅक्टिव्ह हवं, निम्मं ग्लुकोसाइडकडून आणि निम्मं सीएपीबीकडून. ग्लुकोसाइडचे ४ ग्रॅम मिळवायला ४ भागिले ५० गुणिले १००, म्हणजे ८ ग्रॅम माल. सीएपीबीचे ४ ग्रॅम मिळवायला ४ भागिले ३० गुणिले १००, म्हणजे १३.३ ग्रॅम माल. वजनात सीएपीबी जास्त दिसतो, पण काम दोघांचं सारखं.

वहीत दोन रकाने आखा: एकात मालाचं वजन, दुसऱ्यात अ‍ॅक्टिव्ह. गुणोत्तर नेहमी दुसऱ्या रकान्यावरून काढा. अ‍ॅनायॉनिक आणि सीएपीबीची जोडी असेल तर २ ला १ किंवा ३ ला १ यापासून सुरुवात करा. जितका सीएपीबी वाढवाल तितकं मिश्रण मऊ होत जातं.

६. पहिली कृती: चेहऱ्यासाठी, १०० ग्रॅम

ही जोडी मी पहिल्यांदा शिकणाऱ्याला देतो, कारण यात तापवायचं काही नाही आणि चुकीला जागा कमी आहे.

- डिस्टिल्ड पाणी ७३.२ ग्रॅम
- कोको ग्लुकोसाइड ८ ग्रॅम
- सीएपीबी १३.५ ग्रॅम
- ग्लिसरीन ३ ग्रॅम
- झँथन गम (दाटपणासाठी), पारदर्शक जातीचा, ०.८ ग्रॅम
- डायसोडियम ईडीटीए (पाण्यातले धातूंचे अंश बांधून ठेवणारी पूड) ०.१ ग्रॅम
- फिनॉक्सीइथेनॉल आणि इथिलहेक्झिलग्लिसरीनचं तयार मिश्रण (हा प्रिझर्व्हेटिव्ह) १ ग्रॅम
- सायट्रिक अ‍ॅसिड, साधारण ०.४ ग्रॅम, पीएच बघत बघत

बीकर, चमचा, बाटली अल्कोहोलने पुसून वाळू द्या. झँथन गम थेट पाण्यात टाकलात तर गुठळ्या होतील आणि त्या दुसऱ्या दिवशीही फुटणार नाहीत. साबुदाण्याच्या डोळ्यासारख्या दिसतात. आधी गम ग्लिसरीनमध्ये कालवा, पेस्ट झाली की पाण्यात ओतून ढवळा आणि अर्धा तास फुगू द्या. ईडीटीए याच पाण्यात विरघळवून घ्या.

वेगळ्या बीकरमध्ये ग्लुकोसाइड आणि सीएपीबी हलक्या हाताने एकत्र करा. रवी, मिक्सर, हँड ब्लेंडर काही नको, नाहीतर पातेलंभर फेस होईल आणि वजनही धड करता येणार नाही. चमचा तळाला टेकवून हळू फिरवा, खीर ढवळतो तसा. मग हे मिश्रण गमच्या पाण्यात सोडा.

थंडीत ग्लुकोसाइड गोठल्यासारखा आणि गढूळ दिसतो. तो खराब झालेला नसतो. डबा कोमट पाण्यात ठेवा, पूर्ण पातळ झाल्यावर हलवून मगच वजन करा. वरवरचा पातळ भाग काढून घेतलात तर हिशोब चुकेल.

माझा तार धरणारा घाणा झाला तो गमामुळे. पाणचट वाटला म्हणून मी गम २ ग्रॅमपर्यंत नेला. १ ग्रॅमच्या वर जाऊ नका. पातळ वाटला तर फेस काढणाऱ्या पंपाच्या बाटलीत भरा. त्या बाटलीसाठी तर गम पूर्ण वगळला तरी चालतो, तितकं पाणी वाढवायचं.

७. पीएच, घाई न करता

ग्लुकोसाइडचा स्वतःचा पीएच ११ ते १२ असतो. म्हणून तो हाताळताना मोजे आणि चष्मा. आणि म्हणूनच अ‍ॅसिड घातल्याशिवाय वरचं मिश्रण तोंडाला लावू नका.

२० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड ८० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. हे द्रावण थेंबाथेंबाने घाला, ढवळा, मोजा. ०.४ ग्रॅम अ‍ॅसिड म्हणजे या द्रावणाचे २ ग्रॅम, पण प्रत्येक डब्याचा स्वभाव वेगळा असतो. दीड ग्रॅमनंतर फार जपून. लिंबाचा रस चालत नाही. त्यातलं अ‍ॅसिड प्रत्येक लिंबागणिक बदलतं आणि त्यातली साखर जंतूंना खाऊ होते.

पट्टी दाट फेसाळ द्रवात बुडवली तर रंग नीट येत नाही. १ ग्रॅम माल ९ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात पातळ करून त्यात बुडवा. मीटर वापरत असाल तर ४ आणि ७ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या तयार द्रावणांवर) तो आधी जुळवून घ्या.

५ ते ५.५ वर थांबायचं. ४ च्या खाली गेलात तर ग्लुकोसाइड हळूहळू मोडू लागतो. अ‍ॅसिड जरा जास्त पडलं असेल तर ग्लुकोसाइडचेच दोन-चार थेंब घाला, त्याचा अल्कलीपणा कामी येतो.

एक सुंदर गोष्ट इथे दिसेल. गढूळ असलेलं मिश्रण पीएच उतरत जाईल तसं निवळतं. ग्लुकोसाइडमध्ये थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड असतं, ते अल्कलीत विरघळत नाही आणि आम्लात विरघळतं, म्हणून. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बीकर खिडकीशी धरून आईला बोलावलं होतं.

८. प्रिझर्व्हेटिव्ह वगळायचा नाही

पाणी आहे तिथे जंतू आहेत. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत न्हाणीघरात उभी असलेली बाटली ही त्यांची आवडती जागा. वास मारलेला माझा घाणा पावसाळ्यातला. त्यात मी "नैसर्गिक" म्हणून व्हिटॅमिन ई घातलं होतं आणि अंगणातल्या कोरफडीचा गर. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जंतूंना ते काहीच करत नाही. ताजी कोरफड, गुलाबपाणी, दूध, बेसन, हळद यातलं काहीही बाटलीत घालू नका. डाळीचं पीठ आणि हळद लावायची तर वाटीत कालवा, लावा, धुऊन टाका. तो प्रकार उत्तमच आहे, पण ताज्याचा.

फिनॉक्सीइथेनॉलची मर्यादा युरोपीय नियमांत १ टक्का आहे, ती पाळा. वर दिलेल्या तयार मिश्रणाचा १ ग्रॅम त्या मर्यादेत बसतो. सोडियम बेंझोएट वापरणारे बरेच असतात. तो स्वस्त आणि चांगला आहे, पण पीएच ५.५ च्या वर गेला की जवळजवळ निकामी होतो. म्हणजे पीएच न मोजणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये.

प्रिझर्व्हेटिव्ह सगळ्यात शेवटी घाला, मग पुन्हा एकदा पीएच बघा. झाकण ठेवून रात्रभर राहू द्या, सकाळपर्यंत बुडबुडे बसतात. बाटलीवर तारीख लिहा. घरच्या घाण्याची कुठल्या प्रयोगशाळेत तपासणी होत नाही, म्हणून एका वेळी १०० ते २०० ग्रॅमच करा आणि सहा ते आठ आठवड्यांत संपवा.

९. दुसरी कृती: अंगासाठी, आणि मिठाचा खेळ

तरुण, तेलकट, घाम येणाऱ्या कातडीला ही चालते. आईसाठी मी ही करत नाही.

१०० ग्रॅमसाठी एसएलईएस २८ टक्क्यांचा ३० ग्रॅम, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह ८.४. सीएपीबी १२ ग्रॅम, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह ३.६. बेरीज १२, जोडी ७ ला ३. ७० टक्क्यांची पेस्ट असेल तर फक्त १२ ग्रॅम घ्या आणि उरलेले १८ ग्रॅम पाणी वाढवा. ग्लिसरीन २ ग्रॅम, ईडीटीए आणि प्रिझर्व्हेटिव्ह वरच्याइतकेच, बाकी पाणी. गम नको.

पेस्ट विरघळवताना संयम लागतो. थोड्या पाण्यात ढवळू लागलात तर ती आणखी घट्ट होऊन चिकट गोळे होतात, कारण मधल्या तीव्रतेला एसएलईएस जेलसारखा आवळतो. मिठाच्या द्रावणापुरतं ८-१० ग्रॅम पाणी बाजूला काढून बाकी सगळं एकदम ओता, झाका आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी एका फिरकीत मिसळते.

पीएच ५.५ वर आणून प्रिझर्व्हेटिव्ह घातल्यावर दाटपणासाठी साधं मीठ. इथे लोक हमखास फसतात. मीठ घालत गेलं की द्रव दाटत जातो, एका टोकाला पोचतो आणि त्यानंतरचं मीठ त्याला पुन्हा पाण्यासारखा पातळ करतं. पातळ झाला म्हणून अजून मीठ घालणारा माणूस खड्ड्यात उतरत जातो. सीएपीबीबरोबर थोडं मीठ आधीच येतं, मालाच्या सुमारे ५ टक्के. म्हणजे आपल्या १२ ग्रॅममध्ये ०.६ ग्रॅम आहेच.

म्हणून मिठाचं २० टक्क्यांचं द्रावण करा, एका वेळी १ ग्रॅम घाला, ढवळा, पाच मिनिटं थांबा, चमच्यावरून धार बघा, वहीत लिहा. हवी तशी धार आली की थांबा, आणखी दाट होतंय का हे बघायचा मोह नको. या द्रावणासाठी ८-१० ग्रॅम पाणी आधीच बाजूला काढून ठेवा. सुगंध घालायचा असेल तर तो मिठाच्या आधी, कारण बऱ्याच सुगंधांनी दाटपणा बदलतो. चेहऱ्यासाठीच्या मालात मी सुगंध घालतच नाही.

ग्लुकोसाइडच्या पहिल्या कृतीवर मिठाची ही युक्ती चालत नाही. तिथे गमच.

सोडियम कोकोइल आयसेथिओनेटची पांढरी भुकटी फार मोहात पाडते, डवच्या वडीतलं मुख्य काम तिच्याच जातीच्या रसायनाचं. पण पातळ क्लेन्झरमध्ये ती थंड झाल्यावर पुन्हा कण धरते आणि माल रवाळ होतो. तिची धूळ नाकात गेली तर शिंकून बेजार व्हाल. पहिले पाच-सहा घाणे जमल्यावर मास्क लावूनच तिच्याकडे जा.

१०. आधी कोपरावर, मग तोंडावर

सौम्य म्हणजे सर्वांना चालणारं असं नव्हे. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दर वर्षी एका पदार्थाकडे अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने लक्ष वेधते. २००४ साली तो सीएपीबी होता आणि २०१७ साली ग्लुकोसाइड. आपल्या पहिल्या कृतीतले दोन्ही! सीएपीबीच्या बाबतीत दोष बहुतेकदा तो बनवताना उरलेल्या अशुद्ध अंशांचा असतो, म्हणून सीओए असलेला चांगला माल घ्या. बहुसंख्य लोकांना दोन्ही सोसतात, पण तुमच्या घरातला माणूस कोणत्या बाजूचा हे वापरल्याशिवाय कळत नाही.

पाच-सहा दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा, रोज दोनदा. खाज, लाली, ताण काही नसेल तर मग तोंडाला. इसब किंवा उघडी जखम असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांसाठी हे घरचं नको, तिथे डॉक्टरांना विचारा.

त्याच घाण्याची एक छोटी बाटली फ्रिजमध्ये आणि एक माळ्यावर ठेवा. बडोद्याच्या मे महिन्यात माळ्याइतकी कडक परीक्षा कोणी घेणार नाही. दर आठवड्याला दोन्हींचा रंग, वास, थर आणि पीएच बघा. वास बदलला, ठिपके दिसले किंवा पीएच ०.५ पेक्षा जास्त सरकला तर सगळा घाणा फेकायचा. वाया गेलेले दोनशे रुपये त्वचेच्या डॉक्टरांच्या फीपेक्षा कमीच.

११. शेजारी मागू लागले तर

मागतातच. घरच्यांना देणं वेगळं आणि पैसे घेऊन विकणं वेगळं. विक्रीसाठी प्रसाधनं बनवायला सौंदर्यप्रसाधन नियम २०२० खाली उत्पादनाचा परवाना लागतो, मग तुम्ही कितीही कमी बाटल्या करा. गुजरातेत तो अन्न व औषध नियंत्रण प्रशासनाकडून मिळतो. अर्ज सीओएस-५ या नमुन्यात, परवाना सीओएस-८ मध्ये. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो मिळत नाही. जागा, यंत्रं, जाणकार माणूस, तपासणीची सोय, सगळं दाखवावं लागतं.

माझी भाची गेल्या नवरात्रात नऊही रात्री गरब्याला गेली. रात्री दोनला घरी आल्यावर मेकअप आणि घाम एकाच धुण्यात निघावा म्हणून तिने पहिल्या कृतीचं अ‍ॅक्टिव्ह ८ वरून १२ करायला सांगितलं. "मामा, जरा स्ट्राँग कर ना." मी वाढवलं नाही. आधी खोबरेल तेलाने मेकअप पुसून काढ आणि मग हाच फेसवॉश लाव, असं सांगितलं. तेलात विरघळणारा मेकअप तेलाने आधीच निघतो, मग सर्फॅक्टंटवर फार भार राहत नाही. दसऱ्याच्या दिवशी ती आली ती रिकामी बाटली घेऊन. आईसाठी आता मी गुणोत्तर बदलून पाहतो आहे: ग्लुकोसाइड ३ ग्रॅम, सीएपीबी ४ ग्रॅम अ‍ॅक्टिव्ह, एकूण ७. एका वेळी एकच आकडा बदलायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि वहीत तारखेसमोर आई काय म्हणाली तेही लिहायचं.